प्रतिबल-गणनाच्या सर्वोपयोगी आज्ञावल्या : भाटघर ते सांत घटक पद्धती

भिंत, तुळई, नळी, यंत्राचा भाग यांसारख्या घन वस्तूवर बाहेरून बले कार्य करू लागली म्हणजे तिच्या अंतर्भागात दर एकक क्षेत्रावर जे अंतर्गत बल निर्माण होते, त्यास प्रतिबल म्हणतात. वस्तूचा आकार साधा असेल, तर प्रतिबले सूत्राने काढता येतात. आकार वेडावाकडा असेल, तर सूत्र उपलब्ध नसते. अशा वेळी वस्तूचे लहान, परंतु निश्चित आकारमानाच्या घटकांत विभाजन करून प्रत्येक घटकासाठी साधी समीकरणे मांडावयाची व ती सर्व एकत्र सोडवावयाची, या रीतीस ‘सांत घटक पद्धती’ असे म्हणतात. हीच रीत उष्णतेचे वहन, जमिनीतील पाण्याचा झिरपा, विद्युत् चुंबकीय क्षेत्र इ. विषयांनाही लागू पडते. जी एकच आज्ञावली निरनिराळ्या आकारांच्या व निरनिराळ्या भौतिक प्रश्नांच्या गणनास उपयोगी पडते, ती सर्वोपयोगी आज्ञावली होय. अशा आज्ञावल्या सामान्य अभियंत्यास वापरता येतील इतक्या साध्या कशा करावयाच्या, हा गेल्या सहा दशकांतील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याचा इतिहास मात्र संगणकापेक्षा जुना असून तो पुष्कळसा धरणांच्या भिंतींशी निगडित आहे. त्यातील काही टप्पे महाराष्ट्रात घडले.

नीरा खोरे : पुणे जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यातील बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. एकोणिसाव्या शतकातील दुष्काळांनंतर या भागास कायमचे पाणी देण्यासाठी नीरा डावा कालवा काढण्यात आला व १८८५ च्या सुमारास तो वाहू लागला. कालव्यास पाणी पुरविणारे धरण मात्र या तालुक्यांपासून दूर, पश्चिमेस सह्याद्रीच्या पायथ्याशी, तत्कालीन भोर संस्थानातील भाटघर येथे नीरेची उपनदी वेळवंडी हिच्यावर आहे. तेथील पहिली दगडी भिंत अपुरी पडू लागल्यावर तिच्या खालच्या अंगास सु. ५८ मी. उंच व सु. १,६२५ मी. लांब अशी नवी भिंत बांधण्यात आली. ती १९२८ मध्ये पूर्ण झाली आणि लॉइड धरण या नावाने ओळखली जाऊ लागली. बारामतीच्या बागायती पट्ट्यातील ऊस, तेथील गुऱ्हाळे व पुढे निघालेले साखर कारखाने यांचे अस्तित्व या भिंतीवर अवलंबून राहिले. कालव्याच्या टोकाला शेती करणाऱ्याने ती भिंत पाहिलेली असेलच असे नाही; परंतु जिरायत व बागायत यांमधील रेषा अखेर तिनेच आखली आहे.

एवढ्या मोठ्या भिंतीच्या अंतर्भागात कोणती बले वावरत असतात, याचे नेमके ज्ञान ती बांधणाऱ्यांस नव्हते, असे म्हटल्यास चुकीचे होणार नाही. त्यांच्यापाशी एक नियम होता व तो विश्वसनीय ठरला होता. धरण फुटले असता काय होते, हे पुणे जिल्ह्याने १२ जुलै १९६१ रोजी पाहिले. त्या दिवशी पानशेतचे मातीचे धरण फुटले आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याची जुनी दगडी भिंतही टिकली नाही. तेथे कारण वेगळे होते : भिंतीवर आलेले पाणी तिच्या रचनेत गृहीत धरलेल्या पाण्यापेक्षा फार अधिक होते. तथापि, कोणते बल गृहीत धरले आहे व कोणते धरलेले नाही, हा प्रश्न या घटनेने सामान्य नागरिकापर्यंत नेला. प्रतिबल-गणनाच्या इतिहासात हाच प्रश्न वारंवार पुढे येतो.

मध्य तृतीयांश नियम : हा नियम रूढ होण्याशी मुंबईचा जवळचा संबंध आहे. मुंबई शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी उंच दगडी धरणे बांधण्याचा विचार चालू असता तेथील नगरपालिकेचे अभियंते कॅप्टन टुलक यांनी ग्लासगो विद्यापीठातील प्राध्यापक डब्ल्यू. जे. एम्. रँकिन (१८२०–७२) यांचा सल्ला मागविला. रँकिन यांचे उत्तर जानेवारी १८७२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी फ्रेंच अभियंत्यांनी दगड चिरडला जाऊ नये एवढ्यापुरता, म्हणजे दाबाच्या मर्यादेचा विचार केला होता. रँकिन यांनी त्यात ताणाच्या विचाराची भर घातली. पाण्याचा रेटा व भिंतीचे वजन यांचे परिणामी बल प्रत्येक आडव्या छेदाच्या मधल्या तिसऱ्या भागातून गेले पाहिजे. तलाव भरलेला असो वा रिकामा, ही अट पाळली गेल्यास छेदाच्या कोणत्याही कडेस ताण निर्माण होत नाही आणि चुन्यातील दगडी बांधकामास ताण जवळजवळ सोसत नसल्यामुळे तेवढे पुरे होते.

नियमाचे सामर्थ्य त्याच्या साधेपणात होते. कागद, मोजपट्टी व साधी बेरीज-वजाबाकी येणारा कोणताही उपअभियंता आठवड्याभरात भिंतीचा छेद तपासू शके. त्या काळातील मापाने पाहता ही एक सर्वोपयोगी आज्ञावलीच होती. फक्त ती यंत्राऐवजी माणसाने चालवावयाची होती. तिच्यात चार गृहीते होती : आडव्या छेदावर उभे प्रतिबल एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ रेषेत बदलते, पायाचा खडक हलत नाही, भिंतीच्या सांध्यांत पाणी शिरून वर रेटा देत नाही, आणि भार स्थिर असतात. यांपैकी तिसरे गृहीत पहिल्यांदा कोसळले. फ्रान्समधील बूझे येथील धरण २७ एप्रिल १८९५ रोजी फुटून मोठी प्राणहानी झाली. त्यानंतर भिंतीच्या अंगात शिरणाऱ्या पाण्याच्या वरच्या रेट्याचा विचार मोरिस लेव्ही यांनी मांडला. चौथ्या गृहीताची परीक्षा व्हावयास आणखी ७२ वर्षे जावी लागली व ती महाराष्ट्रात झाली.

प्रतिकृती व अंकगणित : पहिल्या गृहीताविषयी इंग्लंडमध्ये १९०४ नंतर मोठा वाद माजला. कार्ल पिअर्सन व एल्. डब्ल्यू. ॲचर्ली यांनी आडव्या छेदांइतकेच उभे छेदही तपासले पाहिजेत, असे प्रतिपादन केले. नाईल नदीवरील आस्वान धरण उंच करण्याचा विचार तेव्हा चालू असल्यामुळे या वादाला व्यावहारिक महत्त्व आले. कोणी रबराच्या, तर कोणी मऊ मातीसारख्या पदार्थाच्या धरण-प्रतिकृती करून त्यांवर भार टाकून पाहिले. लूइस फ्राय रिचर्डसन (१८८१–१९५३) यांनी मात्र वेगळा मार्ग धरला. धरणाच्या छेदावर चौकटींची जाळी आखून त्यांनी अवकल समीकरणाच्या जागी शेजारच्या चौकटींतील संख्यांच्या वजाबाक्या ठेवल्या आणि एका दगडी धरणातील प्रतिबले निव्वळ अंकगणिताने काढली. हा निबंध त्यांनी १९१० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवला. या रीतीस सांत अंतर पद्धती म्हणतात.

रिचर्डसन यांनी आकडेमोडीसाठी मुले नेमली होती व त्यांना दर बिंदूमागे, संख्येत किती अंक आहेत त्या हिशेबाने, मेहनताना दिला जाई. चुकलेले गणित मोजले जात नसे. सर्वांत चलाख मुलगा आठवड्यास सु. २,००० क्रिया करी. हा तपशील केवळ मनोरंजक नाही. गणिताची मेहनत व गणिताचा विचार या दोन गोष्टी येथे स्पष्टपणे वेगळ्या झाल्या : विचार रिचर्डसन यांचा, मेहनत मुलांची. पुढे ही मेहनत यंत्राकडे गेली, एवढाच फरक. इंग्लंडमध्ये आर्. व्ही. साउथवेल यांनी हीच रीत अधिक सुटसुटीत केली. तिच्या साहाय्याने धरणांच्या रूढ सिद्धांतांची फेरतपासणी करणाऱ्या एका तरुण संशोधकाचे नाव ओ. सी. झिएन्किएविच (१९२१–२००९) असे होते. सांत घटक पद्धतीवरील पहिला मोठा पाठ्यग्रंथ (१९६७) पुढे याच लेखकाने वाय. के. च्युंग यांच्यासह लिहिला.

सांत घटक पद्धती : चौकटींच्या जाळीत मोठी अडचण अशी की, धरणाचा उतार, पायाचा खडबडीत खडक वा भिंतीतील बोगदा त्या सरळ जाळीत नीट बसत नाहीत. त्रिकोण मात्र कोणत्याही आकारात बसविता येतात. गणितज्ञ रिचर्ड कूरांट यांनी १९४३ मध्ये त्रिकोणांचा उपयोग सुचविला होता. परंतु ती कल्पना अभियंत्यांपर्यंत पोहोचली नाही. विमानांच्या पंखांचा अभ्यास करणाऱ्या एम्. जे. टर्नर, रे क्लफ, एच्. सी. मार्टिन व एल्. जे. टॉप यांनी १९५६ मध्ये ती स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली आणि १९६० मध्ये क्लफ यांनी तिला आजचे नाव दिले.

पद्धतीचे मर्म कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्यास सहज उमगण्यासारखे आहे. उताराचे रान एकदम भिजविता येत नाही, म्हणून त्यात वाफे पाडतात. प्रत्येक वाफा आपल्यापुरता सपाट मानावयाचा. पाणी बांधावरून एका वाफ्यातून दुसऱ्यात जाते. वाफे जितके लहान, तितके सगळे रान सारखे भिजते. सर्वांत साध्या त्रिकोणी घटकात प्रतिबल सर्वत्र एकच मानलेले असते, म्हणजे प्रत्येक त्रिकोण हा एक सपाट वाफा असतो आणि दोन त्रिकोणांच्या सीमेवर प्रतिबलाची पातळी पायरीसारखी बदलते. त्रिकोणांच्या टोकांशी असलेल्या संधिबिंदूंचे सरकणे मात्र सर्व शेजाऱ्यांत समान असावे लागते. प्रत्येक त्रिकोणाची दृढता, म्हणजे विशिष्ट सरकण्यास तो किती बलाने विरोध करतो ते, त्याच्या आकारावरून व पदार्थावरून काढतात. नंतर सर्व त्रिकोणांच्या दृढता संधिबिंदूंनुसार एका मोठ्या आव्यूहात मिळवून शेकडो वा हजारो एकघाती समीकरणे एकत्र सोडवितात. येथे आकाराविषयी कोणतीच अट नाही. धरण, पूल, नळी, चाक यांसाठी आव्यूह भरण्याची रीत एकच असते. सर्वोपयोगी आज्ञावली शक्य झाली ती या एका गुणामुळे.

या पद्धतीची पहिली मोठी स्थापत्य-कसोटीही धरणावरच लागली. अमेरिकेतील आर्कॅन्सॉ राज्यात नॉरफोर्क या काँक्रीटच्या धरणात एक उभी भेग पडली होती. तिचा भिंतीच्या सुरक्षिततेवर होणारा परिणाम कोणत्याही जुन्या नियमाने काढता येत नव्हता. कॅलिफोर्निया विद्यापीठातील (बर्कली) क्लफ व त्यांचे विद्यार्थी एडवर्ड विल्सन यांनी त्रिकोणांची जाळी आखून तो काढला व निष्कर्ष १९६२ मध्ये लिस्बन येथील परिसंवादात मांडले.

आज्ञावल्यांचा विस्तार : आरंभीची प्रत्येक आज्ञावली एका कामापुरती असे, प्रश्न बदलला की ती पुन्हा लिहावी लागे. १९६५ नंतर हे चित्र पालटले. अमेरिकेच्या ‘नासा’ या अंतराळ संस्थेने सर्व प्रकारच्या सांगाड्यांसाठी ‘नॅस्ट्रान’ ही प्रचंड आज्ञावली तयार करवून घेतली. १९७० मध्ये जॉन स्वॉन्सन यांनी ‘ॲन्सिस’चा व्यवसाय आरंभिला. त्याच वर्षी विल्सन यांनी ‘सॅप’ प्रसिद्ध केली. तिची सुधारित चौथी आवृत्ती (१९७३) के. जे. बाथे व एफ्. ई. पीटरसन यांच्या सहकार्याने निघाली व जगभरच्या विद्यापीठांत पसरली. ‘सॅप’ या नावामागे एक मिस्किल हेतू होता. बोली इंग्रजीत या शब्दाचा अर्थ भोळसट असा होतो. आज्ञावलीस स्वतःची अक्कल नसते, भिंतीचे योग्य चित्र तिच्यापुढे ठेवण्याची व उत्तराची जबाबदारी अभियंत्याचीच आहे, याची आठवण राहावी म्हणून हे नाव ठेवल्याचे विल्सन यांनी प्रस्तावनेतच नमूद केले होते.

भारतात त्या वेळी मोठा संगणक ही दुर्मिळ वस्तू होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये ‘सीडीसी ३६००’ हे यंत्र आले व देशभरच्या संशोधकांची गणिते तेथे छिद्रित पत्रांवर पाठविली जाऊ लागली. एका पत्रातील एक छिद्र चुकले की, गणित परत येई. या काळातील आज्ञावलीकारांपुढील खरी अडचण स्मृतीच्या अपुरेपणाची होती. ब्रूस आयर्न्स यांनी १९७० मध्ये यावर एक सुंदर तोडगा काढला. सर्व समीकरणे आधी साठवून मग सोडविण्याऐवजी घटक एकेक करून आत घ्यावयाचे व ज्या संधिबिंदूचे सर्व शेजारी येऊन गेले, त्याचे समीकरण लगेच निकालात काढून बाहेर टाकावयाचे. आघाडी पुढे सरकत जाते व यंत्रात केवळ आघाडीवरचीच समीकरणे असतात. लहान यंत्रावर मोठे धरण बसू लागले ते या युक्तीमुळे.

कोयना : ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयना खोऱ्यात सु. ६.५ प्रतीचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले व सु. १८० लोक मृत्युमुखी पडले. १०३ मी. उंचीचे कोयना धरण उभे राहिले. परंतु त्याच्या उंच, न सांडणाऱ्या खंडांच्या दोन्ही मुखांवर आडव्या भेगा पडल्या. बहुतेक भेगा पायापासून सु. ६६.५ मी. उंचीवर होत्या. नेमक्या याच उंचीवर भिंतीच्या खालच्या बाजूचा उतार एकदम बदलतो व छेदास मानेसारखा आकार येतो. काम चालू असताना धरण दोन टप्प्यांऐवजी एकाच टप्प्यात पूर्ण उंचीचे करण्याचे ठरले होते. त्यातून हा वेगळा छेद आला होता.

धरणाची रचना त्या काळच्या मान्य रीतीने झाली होती. भूकंपासाठी भिंतीच्या वजनाच्या ५ टक्के एवढे स्थिर आडवे बल धरले होते. या गणितात मानेपाशी कोणताही धोका दिसत नव्हता. धरणातच बसविलेल्या यंत्राने मात्र भिंतीच्या आडव्या दिशेने गुरुत्वप्रवेगाच्या सु. ४९ टक्के एवढा प्रवेग नोंदविला. इतक्या मोठ्या धरणाचे नुकसान व त्यास कारण झालेल्या हादऱ्याची नोंद ही दोन्ही एकाच ठिकाणी उपलब्ध होण्याचा योग विरळा असल्यामुळे जगातील अभियंत्यांचे लक्ष कोयनेकडे वळले.

बर्कली येथील अनिल चोप्रा व पी. चक्रबर्ती यांनी ही नोंद घेऊन कोयनेच्या छेदाचे सांत घटक गणन केले व १९७३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हादऱ्याच्या प्रत्येक क्षणी भिंत कशी डोलते व तिच्याबरोबर तलावाचे पाणी कसे हलते, हे त्यांनी विचारात घेतले. ताण प्रतिबले मानेपाशी सर्वाधिक आली व ती काँक्रीटच्या ताण-सामर्थ्याहून पुष्कळ अधिक होती. भेगा जेथे पडल्या, तेथेच गणिताने बोट ठेवले. त्यांनी आणखी एक गोष्ट केली. नेहमीच्या सरळ उताराचे धरण त्याच हादऱ्यात सापडले असते तर काय झाले असते, तेही काढले आणि तेथेही ताण मर्यादेबाहेर जातो, असे आढळले. तेव्हा दोष केवळ कोयनेच्या मानेचा नव्हता. स्थिर बलाचा साधा नियम सगळ्याच उंच धरणांविषयी खोटा दिलासा देत होता. त्या नियमानुसार बलाचा गुणक भिंतीच्या तळापासून माथ्यापर्यंत एकच असतो; प्रत्यक्षात डोलणाऱ्या भिंतीचा माथा तळापेक्षा कितीतरी जोराने हिसके खातो. कोयना धरणास पुढे खालच्या बाजूने काँक्रीटच्या आधारभिंती जोडून बळकटी देण्यात आली. [⟶ कोयना प्रकल्प].

साधेपणाचे दोन मार्ग : कोयनेनंतरच्या काळात आज्ञावल्यांचा जो विकास झाला, त्यात साधेपणा दोन वेगळ्या मार्गांनी शोधण्यात आला. चोप्रा व ग्रेगरी फेन्व्हेस यांनी धरण, पाणी व पायाचा खडक या तिघांचा एकत्र विचार करणारी आज्ञावली १९८४ मध्ये पूर्ण केली. मग त्याच दोघांनी तिचे निष्कर्ष तक्त्यांत व आलेखांत बसवून, प्राथमिक रचनेसाठी हातानेच करता येईल अशी सोपी गणनरीत तयार केली. हा साधेपणा रँकिन यांच्या नियमाच्या जातीचा आहे, पण एका फरकाने : काय सोडून दिले व त्यामुळे किती चूक येते, हे तो आधीच मोजून सांगतो.

दुसरा मार्ग आज्ञावलीची अंतर्गत रचना साधी करण्याचा. रॉबर्ट टेलर यांनी झिएन्किएविच यांच्या ग्रंथाच्या १९७७ च्या आवृत्तीत एक संपूर्ण आज्ञावलीच छापली. आव्यूह जुळविणे, समीकरणे सोडविणे, उत्तरे छापणे ही कामे तिच्या एका भागात होती. घटकाचे भौतिकी दुसऱ्या भागात. नवीन पदार्थ वा नवीन प्रश्न आला, तर वापरणाऱ्याने केवळ घटकाचा लहान भाग लिहावयाचा, बाकी सर्व तसेच राहते. ज्या विद्यार्थ्यास नॅस्ट्रानचे खंड उघडण्याचे धाडस झाले नसते, तो ही आज्ञावली ओळीओळीने वाचू शकत होता. मोठ्या व्यापारी आज्ञावल्यांनी वापरणाऱ्याची मेहनत वाचविली. या छोट्या आज्ञावलीने त्याला आतले दार उघडून दाखविले. शिक्षणाच्या दृष्टीने दुसऱ्या गोष्टीचे मोल अधिक मानावे लागेल.

वालचंदनगर : इंदापूर तालुक्यात या इतिहासाचे दुसरे टोक सापडते. वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांच्या प्रेरणेने १९३० नंतरच्या दशकात कळंब परिसरात साखर कारखाना उभा राहिला व त्याभोवती वालचंदनगर वसले. नीरेच्या पाण्यावरील उसासाठी निघालेल्या या वसाहतीत पुढे साखर कारखान्यांची यंत्रसामग्री, नंतर अणुविद्युत् केंद्रांसाठी जड भाग आणि भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या अग्निबाणांची पोलादी कवचे बनू लागली. ‘पीएसएलव्ही’ या अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्याच्या २.८ मी. व्यासाच्या कवचाचे खंड यांत मोडतात. या अग्निबाणाचे पहिले उड्डाण १९९३ मध्ये अयशस्वी झाले व १९९४ मधील दुसरे यशस्वी झाले.

भाटघरची भिंत व अग्निबाणाचे कवच यांत साम्य एवढेच की, दोन्ही आतल्या वा बाहेरच्या दाबाला तोंड देतात. भिंत वजनाने उभी राहते व ताण टाळते. पातळ कवच मात्र सर्वस्वी ताणावरच काम करते आणि त्याचे वजन होता होईल तो कमी ठेवावे लागते. जोडाची कड, झाकणाची वक्रता, वितळजोडाची रेषा येथे प्रतिबल एकदम उसळते. कोणताही तृतीयांश नियम येथे उपयोगी नाही. अशा भागांच्या रचनेसाठी तिरुअनंतपुरम् येथील विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने ‘फीस्ट’ ही स्वतःची सर्वोपयोगी सांत घटक आज्ञावली विकसित केली व कालांतराने ती देशातील शिक्षणसंस्थांना व उद्योगांनाही उपलब्ध करून दिली. परदेशी आज्ञावलीचा वार्षिक परवाना हा लहान उद्योगास जड जाणारा खर्च असतो. शिवाय तिच्या अंतरंगात काय चालते ते वापरणाऱ्यास दिसत नाही. या दोन्ही दृष्टींनी देशी आज्ञावलीचे महत्त्व आहे.

सोय व धोका : वैयक्तिक संगणक आल्यावर जाळी आखण्याचे कामही यंत्र करू लागले आणि पडद्यावर रंगीत प्रतिबल-चित्रे उमटू लागली. ही सोय निर्धोक नव्हती. नॉर्वेजवळील समुद्रात तेलासाठी उभारावयाच्या ‘स्लाइप्नर-ए’ या मंचाचा काँक्रीटचा पाया २३ ऑगस्ट १९९१ रोजी चाचणीच्या वेळी बुडाला. गणनासाठी वापरलेली आज्ञावली नॅस्ट्रानच होती व तिच्यात दोष नव्हता. एका नाजूक सांध्याजवळ घटक फार मोठे व तिरपे घेतल्यामुळे तेथील कर्तन प्रतिबल प्रत्यक्षाहून ४७ टक्क्यांनी कमी आले होते आणि तेथील पोलादी सळ्याही अपुऱ्या होत्या. वाफे मोठे पडले व त्यात चढउतार लपले, असेच याचे वर्णन करावे लागेल. दुर्घटनेनंतर अधिक काळजीपूर्वक केलेल्या सांत घटक गणनात तो भाग ६२ मी. खोलीवर निकामी होईल, असे निघाले. तो प्रत्यक्षात ६५ मी.वर निकामी झाला होता. साध्या गणिताने मोठ्या आज्ञावलीचे उत्तर पडताळून पाहण्याची शिस्त त्यानंतर अधिक काटेकोरपणे पाळली जाऊ लागली.

अलीकडील आज्ञावल्या : १९८७ पासून पॅरिस येथे ऑलिव्हिए पिरोनो यांनी विकसित केलेली ‘फ्रीफेम’, हायडेलबर्ग येथे १९९० नंतरच्या दशकात आरंभ झालेली ‘डील-टू’ व २००३ पासूनची ‘फेनिक्स’ या मुक्त आज्ञावल्यांनी टेलर यांचाच मार्ग पुढे नेला. फेनिक्समध्ये तर वापरणारा कागदावर जसे समीकरण मांडतो, जवळजवळ तसेच ते यंत्रास लिहून देतो व घटकाचा भाग आज्ञावली स्वतःच तयार करते. उष्णतेचे समीकरण लिहिले तर उष्णतेचे गणित, भिंतीचे लिहिले तर भिंतीचे. सर्वोपयोगी व साधी ही दोन विशेषणे एकाच आज्ञावलीस बऱ्याच अंशी लावता येण्याचा हा प्रसंग होय. मात्र त्यासाठी वापरणाऱ्यास समीकरण ठाऊक असावे लागते. ज्यास केवळ कळा दाबावयाच्या आहेत, त्यास ही साधी वाटणार नाही. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेने मुक्त आज्ञावल्यांच्या प्रसारासाठी उपक्रम हाती घेतला असून तिच्या ध्वनिचित्र-पाठांत मराठी भाषांतरेही आहेत.

बारामतीस विद्या प्रतिष्ठानचे अभियांत्रिकी महाविद्यालय २००० मध्ये निघाले. सांत घटक पद्धती आता पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमाचा भाग आहे. जे गणित १९६४ मध्ये मुंबईस पत्रांच्या गठ्ठ्यांतून पाठवावे लागे, ते आता नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातील विद्यार्थी स्वतःच्या मेजावर करू शकतो. ‘ॲबॅकस’ या प्रसिद्ध व्यापारी आज्ञावलीच्या उदाहरण-संग्रहात त्याला कोयना धरणही भेटते : उंची १०३ मी., तळाची रुंदी सु. ७० मी., पाण्याची पातळी ९१.७५ मी. आणि १९६७ सालच्या त्या पहाटेचा नोंदलेला हादरा. काही मिनिटांत पडद्यावर मानेपाशी भेग उमटते.

भाटघरच्या भिंतीसाठी असे तयार उदाहरण नाही. २०२१ च्या धरण सुरक्षा अधिनियमाने देशातील विनिर्दिष्ट धरणांचे स्वतंत्र तज्ञांकडून सर्वंकष मूल्यांकन करणे बंधनकारक केले असून शंभर वर्षांच्या आसपास वय असलेल्या दगडी भिंतींचा प्रश्न त्यात अग्रभागी येतो. कोयनेच्या उदाहरणातील दृढतेचे व ताण-सामर्थ्याचे आकडे काँक्रीटचे आहेत. जुन्या दगडी बांधकामाला ते लागू पडत नाहीत. त्यासाठी भिंतीत छिद्रे घेऊन काढलेले गाभे प्रयोगशाळेत तपासावे लागतात, सांध्यांतील पाण्याचा दाब मोजावा लागतो आणि एकाच भिंतीत जागोजागी निघणाऱ्या वेगवेगळ्या आकड्यांपैकी कोणता घ्यावयाचा, हे अभियंत्यासच ठरवावे लागते. [⟶ धरणे व बंधारे].